देहुआची क्वानयिन घ्यायची तर आधी बोटं मोजा

‘मूर्तीच आणायच्यात तर पेण काय वाईट आहे?’ हा आईचा प्रश्न मागे टाकून मी पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्तींसाठी चीनच्या फुजियान प्रांतातलं देहुआ गाठलं. शियामेनहून वेगवान रेल्वेने च्वानचौ आणि पुढे डोंगरातून बस. अलीपे (मोबाइलवरून पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप) घरूनच सुरू करून जा, रोख पैसे बघून दुकानदार कंटाळतात.

पहिला अर्धा दिवस संग्रहालयाला द्या. मिंग राजवटीतल्या ‘हे चाओत्सोंग’ या मूर्तिकाराच्या हातची क्वानयिन (म्हणजे आपल्या अजिंठ्यातल्या अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचंच चिनी रूप) पाहिली की डोळा तयार होतो. इथल्या मातीत लोह फार कमी, म्हणून हा पांढरा रंग. मिंग मूर्तींचा पांढरा सायीसारखा, किंचित पिवळट. पुढच्या चिंग काळातला बराच माल थंड, निळसर. फोटोत हा फरक कळत नाही. च्युतौगोंगची जुनी भट्टी टेकडीच्या उतारावर आहे, ५७ मीटर लांब, १७ कप्प्यांची. उन्हाच्या आधी जा.

आता खरेदी. पाठीवर हे चाओत्सोंगचा शिक्का दिसला की हुरळू नका. तो शिक्का पुढे शेकडो वर्षं नक्कलमालावर उठवला गेलाय. मूर्ती उलटी करून आत बघा. साच्यात माती दाबतानाचे बोटांचे ठसे आणि बुडाची चकाकी नसलेली माती, चेहऱ्यापेक्षा जास्त बोलते. बुडाशी इंग्रजीत ‘मेड इन चायना’ असेल तर मूर्ती विसाव्या शतकातली, निर्यातीसाठी केलेली. मी तशाच घेतो. परवडतात आणि जाताना कटकट नाही: १९११ किंवा त्याआधीची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. त्यानंतरच्या काही वस्तूंनाही तपासणी लागते, म्हणून बिलावर काळ लिहून घ्या.

माझी फजिती बोटांत झाली. कमळ धरलेला हात सुंदर वाटला, घासाघीस करून घेतली. रात्री हॉटेलात नोटा तपासायचा निळा दिवा मारला, तर करंगळी आणि शेजारचं बोट वेगळंच चमकलं. दोन्ही नंतर चिकटवून वर रंग दिलेला. तो दिवा दुकानात न्यायचा असतो!

गुंडाळताना आधी बोटांच्या फटीत टिश्यू कोंबा, मगच बबलरॅप. उलट केलंत तर रॅप काढतानाच बोट हातात येतं. आणि मूर्ती केबिन बॅगेतच ठेवा.