टार्गेट पॅनिक: रिंग पिवळ्यात थांबली, पण फक्त आखाड्यावर

मंडळी, तिरंदाजीतल्या टार्गेट पॅनिकबद्दल, म्हणजे नेम धरताना हात अडण्याच्या त्रासाबद्दल, आधी आनंदाची बातमी. शेतातल्या आखाड्यावर १८ मीटरवर ४० सेंटिमीटरचा फेस (नेमाचा रंगीत कागद, मधे पिवळा), साईटची रिंग (नेम धरायची कडी) सरळ पिवळ्यात नेली, तिथं धरली आणि बाण न सोडता, दोरी हळूच परत नेऊन धनुष्य उतरवलं. मग परत तेच, आणि परत तेच. फेसमागच्या गठ्ठ्यात एकही बाण गेला नाही, तरी मागच्या हंगामातल्या कुठल्याही दहा गुणांच्या बाणापेक्षा हे मोठं वाटतंय. पॅनिक भोगलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

मागचं वाचलेलं नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. रिंग पिवळ्याच्या खाली, निळ्यात येऊन अडते. हातात ताकद असते, अँकर (ओढलेली दोरी हनुवटीला टेकवणं) पक्का असतो, पण रिंग वर सरकत नाही. जबरदस्तीनं सरकवली तर पिवळा दिसल्याबरोबर बोटं सुटतात, क्लिकर (बाण पूर्ण ओढला की टक् वाजणारी पट्टी) वाजायच्या आत. फेस काढून नुसत्या गठ्ठ्यावर मारलं की सगळं सुरळीत.

यावर मैदानावरचे जाणकार म्हणतात, ‘हिंमत धर, मनावर घे.’ मला हा सल्ला मुळीच पटत नाही. हिमतीचा प्रश्न असता तर रिकाम्या गठ्ठ्यावरही हात अडला असता. हजारो बाण मारता मारता ‘पिवळा दिसला’ आणि ‘सोड’ या दोन गोष्टी मेंदूनं एकमेकींना घट्ट बांधून टाकल्यात. आता डोळ्याला पिवळा दिसला की बोटांना हुकूम आधीच पोहोचतो. मग तो हुकूम टाळायचा म्हणून मेंदू रिंगच खाली रोखून धरतो. अडकणं आणि आधी सुटणं ही एकाच गाठीची दोन टोकं आहेत. टोकियो ऑलिंपिकला जिमनॅस्ट सिमोन बाइल्सचं हवेत पिळे घेतानाचं भान गेलं, तेव्हा तिनं सांघिक अंतिम फेरी अर्ध्यात सोडली. ती काय धीर कमी असलेली खेळाडू होती? नंतर बीमवर ती परतली ती शेवटच्या उडीतला पिळा काढून, आणि कांस्य घेऊन गेली. अडलेला भाग बाजूला काढून उरलेलं पूर्ण करायचं, ही वाट मला तिथंच दिसली.

आपल्या खेळात तो भाग म्हणजे सोडणं. म्हणून ते काढून टाकलं आणि फक्त उतरवण्याचा सराव धरला. बाण मात्र लावलेलाच ठेवायचा आणि तोंड गठ्ठ्याकडेच, म्हणजे चुकून सुटला तरी गठ्ठ्यातच जाईल. बाणाशिवाय दोरी सुटली तर लिंब (धनुष्याचे वाकणारे भाग) फुटायची भीती असते, हे नवीन पोरांना परत परत सांगा.

सुरुवात ५ मीटरवरून केली, तीही १२२ सेंटिमीटरच्या मोठ्या फेसवर. हा फेस ७० मीटरसाठीचा, पिवळाच साडेचोवीस सेंटिमीटरच्या आसपास. इतक्या जवळून पिवळ्याखेरीज काही दिसतच नाही, त्यामुळं खाली अडायला जागाच उरत नाही. मग एकेक पाऊल मागं. १८ मीटरला आल्यावर फेस ४० चा केला, म्हणजे पिवळा ८ सेंटिमीटर आणि दहाचा गोल अवघा ४. इथं रिंग पुन्हा निळ्यात अडली आणि गाडी बरेच दिवस तिथंच रुतून बसली.

सुटका झाली ती भाच्यामुळं. सुट्टीला आलाय. त्याला मागं खाटेवर बसवलं आणि सांगितलं, मी अँकरला आलो की तुझ्या मनाला येईल ते बोल, ‘सोडा’ किंवा ‘उतरवा’. निर्णय माझ्याकडं राहिलाच नाही. पहिल्या दिवशी त्याचं ‘मामा, उतरवा’ ऐकू येईपर्यंत बाण गेलेला असायचा. हळूहळू बोटं त्याच्या आवाजाची वाट बघायला लागली. रिंग पिवळ्यात शिरली, नवातून दहात, दहातून नवात डोलत राहिली. क्लिकरखाली बाणाचं टोक जेमतेम दोन मिलिमीटर उरलेलं, दोरी हनुवटीला चिकटलेली, पाठीतलं पातं मणक्याकडं सरकतंय, आणि बोटं शांत. मग आवाज आला, ‘उतरवा.’ उतरवलं. रिंग डोलते ती डोलू द्यायची, हेही तेव्हाच उमगलं. तिला खिळवून ठेवायच्या नादातच घाई होते.

गठ्ठ्याचं विचारणाऱ्यांसाठी: बारदान्यात सोयाबीनचं भुसकट आणि जुन्या लुगड्यांच्या चिंध्या, पायानं दाबून दाबून भरलेल्या. खताच्या प्लास्टिकच्या गोण्या वापरू नका. कार्बनचा बाण घुसताना घासून तापतो, प्लास्टिक वितळून दांड्याला चिकटतं, आणि बाण उपसताना दोन माणसं लागतात. गोण्याच हाताशी असतील तर दांड्याला कोरडा साबण चोळा. टॅबबद्दल (दोरी ओढताना बोटांवर घ्यायचं चामडं) माझं मत कायम आहे: आपल्या परभणीच्या उन्हात घामानं चामडं कडक होतं, तेव्हा दोन टॅब ठेवा आणि आलटून पालटून वापरा. बाण ज्या दुकानातून मागवले त्यांनी स्पाइन (बाणाचा ताठपणा) दुसराच पाठवलाय, म्हणून ७० मीटरचा विषय सध्या बंद.

आता वाईट बातमी. आखाड्यावर एवढं जमल्यावर सकाळी सेलूच्या मैदानावर गेलो. तेच धनुष्य, तोच फेस, तेच १८ मीटर. रिंग निळ्यात. संताप संताप झाला.

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला. मार्क बूटन या मानसशास्त्रज्ञाचं काम याच गोष्टीवर आहे. जुनी सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवीन शिकणं बसतं, आणि ते नवीन शिकणं ज्या जागी झालं त्या जागेला बांधलेलं असतं. जागा बदलली की जुनी सवय पुन्हा वर येते. माझ्या मेंदूनं ‘पिवळ्यात थांबता येतं’ हे शिकलंय, पण ते आखाडा, खाट आणि भाच्याचा आवाज यांच्यासकट. मैदानानं तर पॅनिकच शिकवलंय.

म्हणून बेत बदलला. आखाड्यावर अंतर वाढवत न्यायचं ठरवलं होतं, ते आता थांबवतोय. अंतर कमी ठेवायचं आणि जागा बदलत राहायच्या. मैदानावर परत ५ मीटर आणि मोठा फेस, लाज न बाळगता. मग गोदामाची भिंत, मित्राचं शेत, सकाळ, संध्याकाळ, चार माणसं बघत असताना. भाच्याचा आवाजही काढायचा आहे, कारण स्पर्धेत तो नसणार. हे लिहिता लिहिताच सुचतंय की त्याला मोबाईलमध्ये ‘सोडा’ आणि ‘उतरवा’ उलटसुलट क्रमानं बोलून ठेवायला लावतो, मधे कमीजास्त थांबे ठेवून. आधी कानात लावीन, मग आवाज कमी करत नेईन. सामन्यात आळीपाळीनं मारताना एका बाणाला २० सेकंदच मिळतात, तेव्हा थांबे त्या हिशोबात बसवावे लागतील.

क्लिकर काढून टाका असं दोघातिघांनी सुचवलंय. ठेवतोय. त्याच्या टकटकीचीही पिवळ्यासारखी गाठ बसू शकते, हे खरं. पण माझी बोटं क्लिकरच्या आधी सुटतात, तेव्हा सध्या गुन्हेगार तो नाही. कंपाऊंडवाल्यांना (चाकांच्या धनुष्यवाल्यांना) पाठीच्या ताणानं आपोआप सुटणारा रिलीज (दोरी सोडायचं साधन) मिळतो, त्यांचं बरं आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाऊंडमध्ये आदिती स्वामी आणि ओजस देवतळे जिंकल्यापासून इकडच्या पोरांनाही कंपाऊंडच हवंय. माझ्या रिकर्व्हमध्ये (बिनचाकाच्या धनुष्यात) सोडायला आपली तीन बोटंच, तीच शिकवावी लागतात.

जालना, लातूर किंवा नांदेडकडं कुणाच्या शेतात गठ्ठा उभा असेल तर सांगा. फेस, बाण, जाळी सगळं मी घेऊन येतो, मला फक्त अनोळखी जागा हवी आहे. आणि उतरवण्याचा सराव करून कुणी स्पर्धेत उतरलं असेल, तर मैदानावरचे पहिले दिवस कसे गेले ते सविस्तर लिहा.