साठास एक

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून सायकलने फिरायचं म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवी कुरणं, मेंढ्या आणि चर्चचे मनोरे येतात. चढ कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. आपल्या लेखी डोंगर म्हणावं असं तिथे फारसं नसतंच, पण डर्बीशरसारख्या भागात एका ओढ्यापासून पुढच्या ओढ्यापर्यंत जाणारा अरुंद रस्ता मधली टेकडी सरळ अंगावर घेतो. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी संस्थेच्या नकाशात अशा जागी रस्त्यावर बाणाचं टोक छापलेलं असतं. एक टोक म्हणजे सातास एक ते पाचास एक, म्हणजे पाच-सात मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. दोन टोकं म्हणजे त्याहूनही उभा. टोक उताराकडे वळलेलं असतं, हे नकाशा हातात घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

आगगाडीला असले लाड परवडत नाहीत. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं. बोरघाटात सदतिसास एकचा चढ आहे, तर कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. तो घाट १८६३ साली सुरू झाला. डर्बीशरच्या मॉन्सल खोऱ्यावरचा हेडस्टोन व्हायाडक्टही त्याच सालचा. त्या मार्गाने खोऱ्याचं वाटोळं केलं म्हणून लेखक-कलासमीक्षक जॉन रस्किन संतापले होते. आज लोक फोटो काढायला येतात ते त्या पुलाचेच.

पण चढ समजून घ्यायचा तर टिसिंग्टन ट्रेल या जुन्या रेल्वेमार्गावरच्या वाटेवर जावं. अ‍ॅशबोर्न ते ‘पार्सली हे’ नावाची जागा, २१ किलोमीटर. रेल्वे १८९९ची. बंद पडलेल्या प्रत्येक रेल्वेचं खापर तोट्यातले मार्ग बंद करा म्हणणाऱ्या १९६३च्या बीचिंग अहवालावर फोडायची तिकडे पद्धत आहे, पण या मार्गावरची नियमित प्रवासी वाहतूक १९५४मध्येच थांबली होती. पुढे मालगाड्याही गेल्या आणि १९७१ साली रुळांच्या जागी पायवाट-सायकलवाट खुली झाली.

अ‍ॅशबोर्नकडून निघालं की बराच काळ साठास एकच्या आसपासचा चढ लागतो आणि डोळ्यांना तो दिसत नाही. वाट कधी भरावावरून जाते, कधी खडक कापून केलेल्या खिंडीतून. दोन्ही कडा वाटेबरोबरच तिरप्या, त्यामुळे तुलनेला आडवी रेघच मिळत नाही. दिसतं सपाट, आणि पाय मात्र भरून येतात. सायकलस्वार आधी वाऱ्याला दोष देतो, मग ब्रेक घासतोय का ते उतरून बघतो, शेवटी स्वतःच्या वयाला. खरा हिशेब असा: स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, वेग ताशी १५ किलोमीटर, तर नुसत्या साठास एकच्या चढापायी साधारण ५८ वॉट जादा लागतात. अशा खडीच्या सपाट वाटेवर त्याच वेगाला एकूण ५०च्या आसपास पुरतात. म्हणजे दोन्ही मिळून कष्ट दुपटीहून जास्त. खात्री करायची तर पाऊस पडून गेल्यावर खिंडीतल्या कडेच्या नालीकडे बघावं; पाणी समोरून आपल्याकडे वाहत येत असतं. रेल्वेवाले यासाठी रुळाशेजारी दोन हातांचा छोटा खांब रोवून त्यावर चढाचा आकडा लिहीत. आपल्याकडेही रुळांलगत तो दिसतो.

यावर उपाय एकच, एक-दोन गिअर हलके ठेवून पाय सावकाश फिरवत राहणे. उभ्या चढावर माणूस निदान थांबून श्वास घेतो. इथे थांबायला निमित्त मिळत नाही, म्हणून दमणूक जास्त.

गंमत होते ती पूल नसलेल्या जागी. बंद मार्गांवरच्या लोखंडी पुलांना भंगारात भाव होता, ते गेले. विटा-दगडांच्या कमानींना कोण विचारतो, त्या राहिल्या. अ‍ॅशबोर्न सोडल्यावर थोड्याच वेळात बेंटली ब्रूक ओढ्यापाशी वाट धाडकन खाली उतरते आणि पलीकडे तितकीच उभी चढते. वरच्या काठावर असतानाच हलका गिअर टाकून ठेवावा. तळाशी पोचल्यावर, पॅडलवर सगळं वजन असताना गिअर बदलायला गेलं की चेन कडकडते, उतरते, आणि मागून येणारं कुटुंब मुलाबाळांसह आपल्यामागे तुंबतं.

‘पार्सली हे’ला टिसिंग्टन ट्रेल हाय पीक ट्रेल या दुसऱ्या रेल्वेवाटेला मिळतो. हा हाय पीक ट्रेल क्रॉमफर्डपर्यंत जातो आणि त्याचं गणितच वेगळं. १८३०-३१ची ही रेल्वे दोन कालव्यांना जोडायला बांधली, आणि अभियंता जोसायस जेसप यांनी ती आखलीही कालव्यासारखीच: लांबलचक सपाटी, आणि कालव्यात जिथे लॉक, म्हणजे बोट वर-खाली करणारे दरवाजे, आले असते तिथे एकदम उभा उतार. मिडलटनचा उतार आठास एक. तिथे डबे दोराने ओढत, वर एका जागी बसवलेल्या वाफेच्या इंजिनाने. १८२९चं ते इंजिन अजून मिडलटन टॉपला आहे. शीप पाश्चरच्या उतारावर सुटलेले डबे अडवायला खड्डा केलेला आहे आणि त्यात एका डब्याचा चुराडा अजून पडून आहे. सायकलवरून उतरून चालत जा, ही सूचना तो बघितल्यावर पटते.

दोन्ही वाटांवर चुनखडीचा चुरा दाबून बसवलेला आहे. कोरड्यात उत्तम, ३५ ते ४० मिलिमीटरचं टायर हवा जरा कमी ठेवून मजेत जातं. ओल्यात त्याचा करडा लगदा होतो आणि रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या रबरात अडकून पॉलिशपेपरचं काम करतो. घरी आल्यावर चेनला आधी तेल देऊ नये. धूळ आणि तेल मिळून दात खातात. आधी साध्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी, मग तेल.

ट्रेलवरून बाजूच्या शेतवाटेत शिरायचा मोह झाला तर खांबावरचा बाण बघावा. पिवळा म्हणजे फक्त पायी, तिथे सायकलला हक्क नाही. निळा म्हणजे घोडेवाट, तिथे सायकल चालते, १९६८च्या कायद्यापासून. मात्र चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. घोडा पाठमोरा असेल तर घंटी न वाजवता लांबूनच ‘हॅलो’ म्हणावं. माणसाचा आवाज घोड्याला कळतो.

सप्टेंबरनंतर कुंपणं छाटायला घेतात आणि ब्लॅकथॉर्नच्या झुडपाचे काटे वाटेवर पसरतात. पंक्चर काढून ट्यूब परत बसवण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. बोटाने शोधू नये. बोळ्याचे तंतू जिथे अडकतील तिथेच मोडलेलं टोक असतं. ते बाहेरून दिसत नाही, आणि चिमट्याशिवाय निघत नाही.