तुम्ही विचारलंत म्हणून: पुरानंतरही कासारीच का?

लग्नाच्या पंगतीत, कोल्हापुरात गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर, एकदा तर दाढ काढायला गेलो तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर. प्रश्न तोच. "काय, अजून नद्याच हायत काय घरात?" म्हणजे माझ्या घरातल्या कॉम्प्युटरांची नावं अजून भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी अशीच आहेत का. पुढचा अर्धा प्रश्न कुणी तोंडानं विचारत नाही, भुवयांनी विचारतात: २०१९ ला पंचगंगा घरात शिरली, सगळं काम घेऊन गेली, तरीसुद्धा?

होय, तरीसुद्धा. आजवर "सवय झालीय" म्हणून विषय संपवत आलो. ते उत्तर खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

आधी "नावं ठेवायचीच कशाला" म्हणणाऱ्यांचं बघू. आमच्याकडं सुरुवातीला कामावरूनच नावं होती. एक मशीन 'हिशेब', एक 'ड्रॉइंग'. दीड वर्षात 'हिशेब'वर पोरगा क्रिकेट खेळायला लागला आणि खरा हिशेब बायकोच्या मशीनवर गेला. "हिशेब बंद कर आणि अभ्यासाला बस" म्हटलं की तो म्हणायचा, हिशेब आईकडं आहे. नंबर घालावेत, तर दोन नंबर भंगारात गेला की एकानंतर तीन. आयपी पत्त्याचं म्हणाल तर राऊटर आज एक देतो, उद्या दुसरा. कामावरून नाव देऊ नका, स्वतःचं नाव देऊ नका, एका विषयातली खरी नावं घ्या, हे शहाणपण १९९० सालीच आरएफसी ११७८ या, इंटरनेटवाल्यांनी काढलेल्या सल्ल्याच्या कागदात लिहून ठेवलंय. म्हणजे खूळ माझ्या एकट्याचं नाही. त्याच कागदात असंही आहे की संपून जाणारा संच निवडू नका. ते मी वाचलं आणि पाच नद्या घेतल्या.

पहिल्यांदा तालमी ठरल्या होत्या, म्हणजे इथले फुटबॉलचे संघ. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल. पण घरात फुटबॉलचे दोन तट आहेत. एखादं मशीन हँग झालं असतं तर जेवणाची ताटं आपटली असती, म्हणून तो बेत एका संध्याकाळीच बारगळला. मग गड. पन्हाळा, पावनगड, पारगड. टाइप करताना कळलं की तिन्हींची सुरुवात पी-ए नं, आणि अर्धं नाव मारून बाकीचं मशीननं पुरं करावं ही सोय त्यात राहत नाही.

नद्यांचं जमलं ते मात्र असं जमलं की माझं मलाच कौतुक वाटलं. सगळ्या तारा जिथं एकत्र येतात तो राऊटर म्हणजे प्रयाग, आपल्या चिखलीचा, जिथं पाच नद्यांची पंचगंगा होते. नवं, दणकट मशीन भोगावती, कारण राधानगरी धरणाचं पाणी तिच्यात. जुन्या डब्यात दोन मोठ्या डिस्क घालून सगळ्या फायली ठेवल्या ती कासारी. बायकोची कुंभी. प्रिंटर तुळशी. आणि पाचवी सरस्वती, जी कुणाला दिसत नाही पण आहे असं आपण मानतो, ते नाव बॅकअपसाठी. घराबाहेर, बहिणीकडं राजारामपुरीत ठेवायच्या डिस्कसाठी. आमच्या शेजारचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, नदीचं पाणी एकाच बाजूला वाहतं, तुमच्या वायरीत दोन्हीकडं जातं, तेव्हा उपमा चुकली. चुकली तर चुकली.

कटकटी झाल्या, नाही असं नाही. भोगावतीत व्ही घालायचा की डब्ल्यू, यावर बायकोशी आठवडाभर बिनसलं होतं. मशीनच्या नावात जुन्या नियमानं इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच चालतं, म्हणून मराठी लिहायची हौस वायफायच्या नावावर भागवली. तिथं ३२ बाइटची मर्यादा आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. कानामात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजायचं. 'पंचगंगा' २१ मध्ये बसली. 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' बसत नाही, करून बघितलंय. आणि एका जुलैत बायको आतून ओरडली, "अहो, भोगावती भरली!" डिस्क भरली होती. आईनं तोवर धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेतले होते.

आता तो ऑगस्ट.

मी फौंड्र्यांना ड्रॉइंग करून देतो. माझे वडील, आबा, उद्यमनगरात पॅटर्नमेकर. लाकडाचा पार्ट करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, त्यात बीड, म्हणजे वितळलेलं ओतीव लोखंड, ओतायचं. बीड गार होताना मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर आटतं, म्हणून पॅटर्न तेवढं वाढीव करावं लागतं. त्यासाठी आबांची पट्टीच निराळी होती, तिच्यावरचा सेंटिमीटर आपल्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब. शाळेत एकदा मी तीच पट्टी नेली आणि भूमितीची सगळी उत्तरं चुकली. आबांनी काम थांबवलं तेव्हा परड्यातल्या शेडमध्ये त्यांची एकशे चाळीस पॅटर्न पडून होती. प्रत्येकावर पंचानं ठोकलेला नंबर. मी दोन वर्षं संध्याकाळी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊन बसलो आणि सगळी कॉम्प्युटरवर काढली. आबा शेजारी बसून सांगायचे, इथं उतार का दिला, हा कोपरा का मारला. तेही फाईलमध्ये लिहिलं. ठेवलं कुठं? कासारीवर. मग मी म्हणालो, आता लाकडाचं काय करायचं? सागाची काही एका फर्निचरवाल्यानं नेली. देवदाराची दोन हिवाळे बंबात गेली.

हे बंबाचं मी कुणाला सांगत नाही.

२०१९ च्या त्या सोमवारी मी शिरोलीला कामावर होतो. पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका असतो, आणि आकडा कधीच पुढं गेला होता. पण आमच्या गल्लीत २००५ लाही पाणी उंबऱ्याशीच थांबलं होतं, म्हणून मी निवांत. मग हायवेवर पाणी आलं. मी नदीच्या अलीकडं, घर पलीकडं. रात्री पुतण्याचा फोन आला. लाईट गेलेली, पाणी पायरीला लागलेलं, आई-आबांना माळ्यावर चढवलेलं.

"काका, सीपीयू तीन हायत. जिन्यात पाणी यायच्या आत दोनच जमतील. कुठला न्हिऊ?"

"कासारी. कासारी आधी."

"कासारी कंचा?"

आणि मला सांगता येईना. तिन्ही डबे काळे. एकाच दुकानातून घेतलेले. नाव होतं ते तारेतून दिसणारं नाव, दुसऱ्या मशीनच्या पडद्यावर उमटणारं. लाईट गेल्यावर त्या खोलीत कासारी नावाचं काही नव्हतंच.

"डावीकडचा," मी म्हणालो.

मी टेबलाशी भिंतीकडं तोंड करून बसतो, माझी डावी बाजू ती. तो टेबलाच्या मागून, परड्याच्या दारातून आला होता. त्याच्या डावीकडचा डबा त्यानं उचलला, मग मधला. एकोणीस वर्षांचं पोरगं, मांडीभर पाण्यात, तोंडात बॅटरी धरून. फोन बंद पडला.

पाच रात्री मी शिरोलीत काढल्या. पाणी ५५ फुटांच्या वर गेल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हाही मी मनात म्हणत होतो, कासारी माळ्यावर आहे. घरी आलो. माळ्यावर भोगावती होती, जिच्यात परत भरता येतील असे प्रोग्रॅम सोडून काही नव्हतं. शेजारी कुंभी. कासारी खाली, गाळात आडवी, आत दोन्ही डिस्क. एकीचं दुसरीवर आपोआप उमटायचं, म्हणून मी त्यालाच बॅकअप म्हणत आलो होतो. दोघी एकाच डब्यात, एकाच पाण्यात. आणि सरस्वती? ती डिस्क घ्यायची राहिलीच होती. चार वर्षं माझ्या वहीत नाव लिहिलेलं होतं, रकान्यापुढं 'पुढच्या महिन्यात'. पुतण्या दारात उभा राहून बघत होता. मी त्याला म्हणालो, "डावीकडचा म्हटलं होतं की रे." हे वाक्य मला परत घेता आलेलं नाही.

इथवरची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, निदान "पुरात गेलं" एवढी. पुढची नाही.

पुरात गेलं नव्हतं. मी डिस्क काढल्या, पुसल्या, बहिणीच्या हेअर ड्रायरनं वाळवल्या, तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवल्या. चौथ्या दिवशी एक भोगावतीला जोडली. टिक, टिक, टिक, आणि बंद. कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी पाच मिनिटांत दुसरी जोडली. टिक, टिक. नंतर पुण्यात अशा डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या एकाला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "चालू करून बघितली होती का?" मग समजावून सांगितलं. डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, गाळ तिथून आत जातो. वाचणारी टोकं तबकडीवरून केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावरून फिरतात, मातीचा कण मध्ये आला की सगळं खरवडून निघतं. भिजलेली डिस्क वाळवायचीही नसते. तशीच ओली, पिशवीत बंद करून पाठवायची असते. म्हणजे नदीनं पाच दिवसांत जे केलं नव्हतं ते मी एका बटणात केलं.

आता सांगा, नाव बदलून मी काय करायचं? पंचगंगेवर राग धरून मशिनांना ग्रहांची नावं देऊ? तुम्ही हसता ते नदीला नावाजलं आणि नदीच आली म्हणून. मला त्यात हसण्यासारखं वाटत नाही, आणि ती नावं काढली तर मी दोष नदीलाच दिल्यासारखं होईल. असं मी म्हणतो खरा. पण २०१५ चा मी, ज्यानं वहीत सरस्वती लिहून तिच्याभोवती वेलबुट्टी काढली, त्याला धरून विचारावंसं वाटतं की लेका, जेवढा वेळ नाव शोधण्यात घालवलास तेवढ्यात डिस्क आली असती. तो म्हणेल, नाव नसतं तर आठवण तरी राहिली असती का? त्याचंही चूक नाही. बायकोचं म्हणणं निराळंच आहे: नावं इतकी छान होती की काम झाल्यासारखं वाटायचं. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

२०२१ च्या जुलैत पाणी परत आलं, आणखी वर. त्या वेळी सगळं दोन दिवस आधी माळ्यावर होतं आणि सरस्वती खरोखरची राजारामपुरीत. काही गेलं नाही. जाण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. एकशे चाळीसपैकी एकतीस पॅटर्न आबांनी आठवणीनं परत सांगितली, मी काढली. बाकीची आठवत नाहीत म्हणाले. बंबाचा विषय त्यांनी एकदाही काढलेला नाही.

नव्या कासारीच्या डब्यावर आता नाव आहे. मी स्टिकर छापून आणले होते. आबा म्हणाले, पाण्यात निघतील. त्यांनी पिवळा ऑइलपेंट काढला आणि बारीक ब्रशनं तिन्ही डब्यांवर नावं लिहिली, पुढून आणि मागूनही. 'कुंभी'चा अनुस्वार ओघळलाय.

गेल्या महिन्यात पोराचं नवं मशीन आलं. नद्या संपल्या. लॅपटॉपलाच कुंभीला मिळणारी धामणी द्यावी लागली होती. पोरगा म्हणतो वारणा ठेवू. वारणा आपल्या प्रयागाला येत नाही रे, ती थेट सांगलीकडं हरिपूरला कृष्णेला मिळते, मी म्हणालो. तो म्हणाला, मग काय झालं? मशीन अजून कंपनीनं दिलेल्या डेस्कटॉप आणि पुढं सात अक्षरं-आकडे या नावानंच चालतंय. आबा रोज सकाळी चहा झाला की पेंटचा डबा हलवून बघतात, वाळला तर नाही ना, आणि विचारतात, "काय लिहू सांग."