मॅचच्या आदल्या दिवशी

शाळेच्या फुटबॉल टीममध्ये मी लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू होतो. डावा पाय चांगला होता म्हणून नव्हे, त्या जागी उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. आज नेरूळच्या एका कॉलेजात मी फुटबॉल शिकवतो, हे माझ्या तेव्हाच्या बाकावरच्या मित्रांना कळलं तर ते आधी हसतील आणि मग विचारतील, "पगार देतात का?" देतात. फार नाही.

आमच्या शाळेचं ग्राउंड मुरमाचं होतं. पावसाळ्यात गोलपोस्टसमोर डबकं, मे महिन्यात गुडघे सोलून काढणारे खडे. मॅच असली की खेळाचे सर स्वतः फक्की टाकून रेषा आखायचे. त्यांचा मूळ खेळ कबड्डी. ऑफसाइड त्यांना आमच्याइतपतच कळायचा. डावपेच वगैरे ते काही सांगत नसत. रांगेत उभं करून प्रत्येकाला विचारायचे, "सकाळी काय खाल्लंस? रात्री झोपलास किती वाजता?" चहा-बिस्किट असं उत्तर आलं की पिशवीतून चिक्की निघायची. बूट, स्टॉकिंग, शिनपॅड यांची चौकशी त्यानंतर.

कोच म्हणून मी पुढे डावपेचांची पुस्तकं वाचली, कोर्स केले, पण माझी मॅचची तयारी आजही बरीचशी सरांच्याच पद्धतीची आहे. समोरच्या टीमचा अभ्यास मी करतोच. मात्र त्याआधी माझ्या पोरांचा दिवस कसा जातो हे मला माहीत असावं लागतं. माझ्या शाळेच्या काळात ठाण्याहून वाशीला यायचं म्हणजे बस. 2004 मध्ये ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली आणि इकडच्या कॉलेजांना कळवा-मुंब्र्यापासूनची पोरं मिळू लागली. दिव्याला राहणारा माझा स्टॉपर (मधला बचावपटू) पहाटे उठून ठाण्याला गाडी बदलतो आणि साडेसहाच्या सरावाला हजर असतो. सराव झाला की लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी परत तीच गर्दी. त्याला मॅचच्या आदल्या दिवशी मैदानाला चकरा मारायला लावण्यात काय अर्थ आहे? त्या दिवशी मी त्याला घरी पाठवतो. जर्नल सबमिशन कोणाचं कधी आहे, हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली कोणाची गेली आहे, हे सगळं माझ्या वहीत फॉर्मेशनच्या आधीच्या पानावर असतं. काही सहकारी याला लाड म्हणतात. म्हणोत.

टीव्हीमुळे एक नवी डोकेदुखी झाली आहे. 2019 मध्ये गोलकिकचा (समोरच्यांकडून चेंडू गोलरेषेबाहेर गेला की गोलजवळून मारायची किक) नियम बदलला, चेंडू पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या बाहेर गेल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही (म्हणजे पाय लावायचा नाही!) ही अट गेली. मोठे क्लब तेव्हापासून गोलपासून लहान लहान पास देत वर येतात, आणि आमच्या पोरांनाही तेच करायचं असतं. हिरवळीवर करा की. ऑगस्टमधल्या आमच्या मैदानांवर दहा फुटांचा पास मधल्या चिखलात रुततो आणि समोरचा फॉरवर्ड आयता गोल मारतो. मी गोलकीपरला सांगतो, लांब मार. पोरं नाराज होतात, मला जुन्या वळणाचा म्हणतात.

मात्र मोठ्यांचं काही बघायचंच असेल तर वॉर्मअप बघा, असं मी सांगतो. 2017 च्या ऑक्टोबरात 17 वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला, तेव्हा मी टीमला मुद्दाम लवकर नेलं होतं. स्पेनने 3-1 अशी मॅच घेतली. पोरांना गोल लक्षात राहिले. मला मात्र त्यांनी बघावं असं वाटत होतं ते त्याआधीचं, सगळा संघ एका लयीत अंग मोकळं करतो ते. फिफाचा '11+' नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे, त्यात उडी मारून उतरताना गुडघा आत वळू न देण्यावर भर असतो. कडक मुरमावर खेळणाऱ्यांना त्याची गरज सगळ्यात जास्त, आणि कंटाळाही त्यांनाच सगळ्यात जास्त.

सगळ्यात अवघड काम अकरा नावं वाचून दाखवण्याचं. बाहेर राहिलेल्या पोराला मी आदल्या संध्याकाळी बाजूला घेऊन कारण सांगतो. फळ्यावर यादी लावून निघून जाणं मला जमत नाही. एका सीझनला माझा दुसरा गोलकीपर एकही मॅच खेळला नाही. घणसोलीचा पोरगा, तोंडाने फटकळ. बेंचवर बसून त्याने एका मॅचमध्ये हेरलं की समोरचा दहा नंबर फ्री किक मारण्याआधी डाव्या विंगकडे बघतो आणि चेंडू आखूड देतो. पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने त्याने आमच्या राइट हाफला ते सांगितलं, मला नंतर. त्या बाजूने पुढे एकही हल्ला आला नाही. मॅच 0-0 राहिली आणि टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी किकवर गेली.

आम्ही हरलो. टायब्रेकरला आपल्याला उतरवायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. आता नोकरीला लागला आहे, तरी भेटला की तोच विषय काढतो. मला पटत नाही. नियमाप्रमाणे किक बसेपर्यंत गोलकीपरने एक पाय गोलरेषेवर ठेवायचा म्हटलं की त्याची उजवीकडची उडी हमखास उशिरा पडायची, आणि हे त्यालाही चांगलं माहीत आहे.