आमची वाटचाल : जुन्या क्वाड स्पीकरांसाठी नवे बोर्ड

आम्ही पुण्यात जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांसाठी हाय व्होल्टेजचे आणि संरक्षणाचे बोर्ड बनवतो. पीसीबी म्हणजे कोरा छापील बोर्ड, सुटे भाग आणि माहितीपत्रक असा संच आमच्याकडून जातो, सोल्डरिंग घेणाऱ्याने घरी स्वतः करायचं. मी, माझी पत्नी, धाकटा भाऊ आणि दोन मदतनीस एवढाच आमचा पसारा. असे स्पीकर आपल्याकडे किती जणांकडे असणार, असं सगळेच विचारतात. फार नाहीत हे खरं. पण ज्यांच्याकडे आहेत ते त्यांना जिवापाड जपतात, आणि त्या जपण्याला हातभार लावणं हेच आमचं काम.

ज्यांनी हा स्पीकर पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावात पीटर वॉकर यांच्या कंपनीने 1957 साली क्वाड ईएसएल बाजारात आणला. आज त्याला सगळे ईएसएल-57 म्हणतात. त्यात कागदाचा कोन नाही, चुंबक नाही. प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा दोन सच्छिद्र पट्ट्यांच्या मधे ताणलेला असतो. पडद्यावर कायमचा विद्युतभार ठेवायचा आणि दोन्ही पट्ट्यांना गाण्याचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरने हजारो व्होल्टपर्यंत चढवून द्यायचा, की पडदा पुढेमागे हलतो. तो इतका हलका असतो की गवयाचा श्वास, तानपुऱ्याच्या जवारीतून निघणारे बारीक स्वर, तबल्याच्या चाटीवर बोट उठतानाचा आवाज, सगळं जसंच्या तसं समोर येतं. हे मॉडेल 1985 पर्यंत बनत होतं.

एका स्पीकरमध्ये अशा पडद्यांची वेगवेगळी पॅनेल असतात, खालच्या स्वरांसाठी बास आणि वरच्यांसाठी ट्रेबल. पडद्यावरचा भार टिकवायला बास पॅनेलला सुमारे 6000 आणि मधल्या ट्रेबल पॅनेलला सुमारे 1500 व्होल्ट लागतात. करंट मात्र नगण्य, मायक्रोअँपियरमध्ये मोजण्याइतका. हा पुरवठा करणाऱ्या भागाला ईएचटी म्हणतात. एका छोट्या ट्रान्सफॉर्मरपुढे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे) आणि कपॅसिटर (भार साठवणारे) यांची शिडी असते, प्रत्येक पायरीवर व्होल्टेज वाढत जातं. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या शास्त्रज्ञांनी 1932 साली अणूचा गाभा फोडताना केंब्रिजमध्ये हीच शिडी वापरली होती, आणि केंब्रिज हंटिंग्डनपासून फार लांब नाही. मला हे फार आवडतं.

आमचा मूळ धंदा ॲम्प्लिफायर दुरुस्तीचा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सुटे भाग घ्यायचे आणि घरच्या पडवीत काम करायचं. दादरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी त्यांची क्वाडची जोडी टेम्पोत घालून आमच्याकडे पाठवली, तिथून दिशा बदलली. डावा स्पीकर उजव्याच्या निम्म्यानेही वाजत नव्हता. पॅनेल गेली, आता हे विका, असा सल्ला त्यांना आधी मिळाला होता. आम्ही मोजलं तर पॅनेल शाबूत होती. ईएचटीच मान टाकून बसला होता, 6000 च्या जागी जेमतेम 3000. या स्पीकरमध्ये भार निम्मा झाला की आवाजाचा दाबही निम्मा होतो, हे सरळ गणित आहे. मेणात बुडवलेला तो जुना ठोकळा काढून नवीन शिडी बसवली. प्राध्यापकांनी फोनवर मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत असल्याचं सांगितलं, आणि त्यानंतर बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत.

त्यांच्या ओळखीतून आणखी जोड्या आल्या. मुंबईत, कोल्हापुरात, पणजीत हे स्पीकर अजून आहेत हे तेव्हा कळलं. स्पीकर हलवणं जोखमीचं आणि खर्चाचं. मग बोर्डच का पाठवू नये? भावाने ही कल्पना काढली आणि तोच आमचा व्यवसाय झाला.

बोर्ड दिसायला साधा आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट कारणाने आली आहे. बाजारात मिळणारा 4007 डायोड 1000 व्होल्ट सहन करतो. ट्रान्सफॉर्मरमधून सहाशेच्या पुढे व्होल्ट एसी येतात, त्याचं शिखर जवळजवळ 900, आणि शिडीतल्या डायोडवर उलट दिशेने त्याच्या दुप्पट ताण पडतो. म्हणून एकट्या 4007 वर चालवलेली दुरुस्ती टिकत नाही. आम्ही 3000 व्होल्टचे डायोड आणि त्याला साजेसे कपॅसिटर देतो. दोन पायऱ्यांमधे बोर्डला खाचा कापलेल्या आहेत, म्हणजे पृष्ठभागावरून गळती व्हायला वाट लांबची पडते. आणि सोल्डरचा प्रत्येक टाका मोत्यासारखा गोल हवा. टोक राहिलं तर तिथून हवेत भार निसटतो, अंधारात जांभळट दिसतो, कानाला सूं असं ऐकू येतं. माहितीपत्रकात याची चित्रं माझ्या पत्नीने काढली आहेत, बरोबर टाका आणि चुकीचा टाका शेजारीशेजारी. आमच्या मालात मला सर्वांत मोलाचं तेच पान वाटतं.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. इंग्लंडच्या थंड खोलीत जो पुरवठा पुरतो तो जुलैमध्ये दादरला पुरत नाही. सोल्डरबरोबर वापरलेला, बोर्डवर राहिलेला चिकट फ्लक्स ओलावा धरतो आणि सहा हजार व्होल्ट त्यातून झिरपू लागतात. म्हणून टाके मारल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुणं, वाळवणं आणि मग सिलिकॉनचा लेप देणं, यात आम्ही कुणालाच सूट देत नाही. मेन्सचं, म्हणजे घरच्या विजेचंही तसंच. आपल्याकडे 230 चे 250 कधी होतात कळत नाही, आणि जुन्या रचनेत ईएचटी मेन्सबरोबरच वर चढतो. पाठीमागचा टॅप, म्हणजे मेन्सचं व्होल्टेज निवडायची जागा, 240 किंवा 250 वर ठेवा असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. बिचाऱ्या ट्रेबल पॅनेलला जास्तीचे व्होल्ट झेपत नाहीत.

ट्रेबल पॅनेल वाचवण्यासाठीच आमचा दुसरा बोर्ड आहे. ईएसएल-57 ला 33 व्होल्ट शिखरापेक्षा जास्त सिग्नल द्यायचा नसतो. क्वाडचाच 15 वॉटचा जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर 16 ओहमवर 22 व्होल्टच्या आसपास थांबतो, त्यामुळे त्या काळी प्रश्न नव्हता. आजचा 8 ओहमवर 100 वॉट देणारा ॲम्प्लिफायर 40 व्होल्टपर्यंत जातो. नातवाने रिमोट दाबला की ठिणगी पडून पडद्याला भोक. आमचा क्लॅम्प बोर्ड 33 च्या आसपास सिग्नल रोखून धरतो. त्या क्षणी ॲम्प्लिफायरवर एकदम ताण येतो, म्हणून त्याला शॉर्ट सर्किटपासून स्वतःचं संरक्षण असलं पाहिजे. ते नसेल तर हा बोर्ड घेऊ नका, असं आम्ही ऑर्डर घेतानाच सांगतो. काही ऑर्डरी यामुळे जातात. जाऊ देत.

सुरक्षिततेबद्दल आम्ही कडक आहोत. लोक ईएचटीला घाबरतात ते योग्यच, मेन्स बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो. पण खरा धोका गाणं चालू असताना ऑडिओ ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला असतो, कारण त्या हजारो व्होल्टच्या मागे संपूर्ण ॲम्प्लिफायरची ताकद उभी असते. मागचं झाकण उघडं ठेवून गाणं लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम. दुसरा नियम म्हणजे मोजताना एक हात खिशात.

साध्या मल्टिमीटरने ईएचटी मोजता येत नाही. सहा हजार व्होल्ट त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत, आणि त्याचा स्वतःचा 10 मेगाओहमचा रोधही या पुरवठ्याला जड जातो. म्हणून संचाबरोबर आम्ही 100 मेगाओहमचे दहा रेझिस्टर पाइपमध्ये बसवलेली, मीटरला जोडायची मोजदांडी देतो. तिच्यातून 6000 व्होल्टला मीटर 59.4 दाखवतो. तिच्याशिवाय संच विकायचा नाही, हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं आहे.

कधी कधी विचारणा होते की ईएचटीत महागडे ऑडिओफाइल कपॅसिटर घालून द्याल का. आम्ही देत नाही. त्या शिडीतून गाणं जातच नाही, तिथे फक्त ठरावीक व्होल्टेज शांतपणे टिकवायचं असतं. ट्रान्सफॉर्मर काढून पॅनेलला थेट हाय व्होल्टेजच्या व्हॉल्व्हने चालवणारे ॲम्प्लिफायर अमेरिकेत ॲकॉस्टॅट कंपनीने पूर्वी बनवले होते, तसा संच करा अशीही मागणी येते. तांत्रिकदृष्ट्या ते फार सुंदर काम आहे. पण घराच्या टेबलावर, एकट्याने, रात्री जागून हे करणाऱ्या माणसाच्या हातात तो संच देण्याची माझी तयारी नाही. मूळ स्पीकर जसा वाजायचा तसा पुन्हा वाजला पाहिजे, एवढंच अपग्रेड मला मान्य आहे. त्यासाठी आधी ईएचटी, मग क्लॅम्प, आणि धुळीपासून वाचवणारं पातळ आवरण फाटलं असेल तर ते. बाकीचे पैसे रेकॉर्डवर खर्च करा.

सध्या आम्ही 1981 साली आलेल्या ईएसएल-63 चा बोर्ड तयार करतो आहोत. त्याची रचना वेगळी आहे, तत्त्व तेच पण इलेक्ट्रोड एकात एक कड्यांसारखे, आणि मधून बाहेर जाताना प्रत्येक कड्याला सिग्नल थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे आवाज पडद्यामागच्या एका बिंदूतून आल्यासारखा वाटतो. त्याला 5250 व्होल्ट लागतात. नमुने भावाच्या घरी, मुलुंडला, मुद्दाम पावसाळ्यात चालवून पाहतो आहोत. तिथे टिकले की विक्रीला काढू.

ऑर्डर देणाऱ्यांना एक विनंती. आमचे बोर्ड कोरडे केल्याशिवाय आम्ही पाकिटात घालत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर माल उशिरा निघतो. गणपतीआधी स्पीकर सुरू करायचे असतील तर मे महिन्यातच कळवा, आणि सोबत मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक आणि टॅप कशावर आहे ते लिहा.