बिजागरी आधी, कपाट नंतर

हातभर उंचीचं लाकडी कपाट करायला घेतलं की सगळा जीव लाकडात गुंततो. फळीचे रेषे कसे गेलेत, सांधा कुठला घालायचा, पॉलिश की नुसतं तेल, यावर तासन्‌तास खल होतो. बिजागरी आठवते ती दार रंधून, घासून तयार झाल्यावर. मग हाताला लागेल ती जोडी आणायची आणि ठोकून द्यायची.

क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. दार चौकटीच्या आत बसणार की चौकटीवर, फट किती सोडायची, बाजूची फळी किती जाड घ्यायची, हे सगळं बिजागरीवर ठरतं. मॉड्युलर किचनमुळे सगळ्यांच्या ओळखीची झालेली वाटीची बिजागरी घ्या. तिची वाटी ३५ मिलिमीटर व्यासाची. ती बसवायला दाराच्या आतून साधारण १२ मिलिमीटर खोल गोल खड्डा पाडावा लागतो. आपल्या छोट्या कपाटाचं दारच १२ मिलिमीटर जाड असेल, तर खड्डा पलीकडे निघेल. विषय तिथेच संपला. एरवी ती बिजागरी मोठ्या मनाची असते. दार थोडं तिरकं बसलं तर पेचकस फिरवायचा. बाजूला, वर-खाली, आत-बाहेर, तिन्ही दिशांना दार सरकतं. चूक नंतर निस्तरायची सोय तिच्यातच असते.

साध्या दोन पानांच्या बिजागरीत ही सोय नाही. दोन पानं, मधे एकाआड एक गुंफलेल्या नळ्या आणि आरपार पिन. जे काही अचूक करायचं ते आधी करा, मग माझ्याकडे या, असा तिचा खाक्या. मला तीच आवडते. छोट्या कपाटावर दिसतेही छान. नुसत्या पिनेची बारीक पितळी रेघ बाहेर राहते.

घेताना मात्र ती हातात धरून आडवी हलवून बघावी. पातळ पत्रा वळवून केलेल्या बिजागरीत पीन सैल असते आणि पानं खडखडतात. पिनेपाशी केसभर वाटणारा हा ढिलेपणा दाराच्या दुसऱ्या टोकाला कितीतरी वाढून दिसतो. दार तिथे लोंबतं. भरीव पितळेच्या बिजागरीत असं सहसा होत नाही. शिवाय पितळ गंजत नाही. टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य, जास्त असलेल्या लाकडात, उदाहरणार्थ ओकमध्ये, लोखंडी स्क्रू मारला आणि हवा दमट असली, की स्क्रूभोवती निळसर काळा डाग पसरतो. तो घासूनही सहज जात नाही. पण बिजागरीला धातूच लागतो असंही नाही. रोमन लोक पेट्या-कपाटांसाठी हाडाच्या पोकळ नळ्या एकीवर एक रचून त्यांच्या बिजागऱ्या करत. उत्खननांत अशा नळ्या सापडल्या आहेत. कपाटाचं लाकूड कुजून गेलं, बिजागरी उरली.

आता बसवणं. दोन बिजागऱ्या एकमेकींपासून जितक्या लांब तितकं बरं, कारण दाराचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं आणि खालचीला आत रेटतं. दार २ किलोचं, ३० सेंटिमीटर रुंद आणि बिजागऱ्यांमधलं अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर ही ओढ पाऊण किलोची. अंतर निम्मं केलं की ती दीड किलोवर जाते. वरच्याच बिजागरीचे स्क्रू आधी का ढिले होतात, ते यातून कळतं.

पानासाठी खाच करायची ती पेन्सिलीच्या रेघेवर नाही, चाकूच्या. पान लाकडावर ठेवून त्याच्या कडेने धारदार पातं फिरवलं की उठते ती रेघ म्हणजे बारीक चर असतो, आणि पटाशीची धार त्यात आपोआप टेकते. मग कागदासारखे पातळ पापुद्रे काढत जायचं. घाई नको. खाच पानाच्या जाडीइतकीच हवी. उथळ राहिली तर फट मोठी दिसते. जास्त खोल गेली तर गंमत होते: दार मिटत येतं, शेवटच्या बोटभर अंतरावर अडतं, दाबलं तर मिटतं आणि हात काढला की हळूच परत उघडतं. लाकडं एकमेकांना आधी भिडतात आणि बिजागरीला मिटायला जागाच उरत नाही. त्यावर पानाखाली पुठ्ठ्याची पट्टी सारणं हा जुना उपाय, आणि त्यात कमीपणा काही नाही. स्क्रूचं डोकं वर राहिलं तरी दार असंच वागतं, म्हणून आधी ते बघावं.

दोन्ही पिना एका सरळ रेषेत हव्यात, हे सगळ्यात महत्त्वाचं. नाहीतर दार फिरताना दोन बिजागऱ्यांची आपसात ओढाताण चालते, दार करकरतं आणि शेवटी स्क्रू उपटून येतात. म्हणून सुरुवातीला प्रत्येक पानाला एकच स्क्रू लावून दार फिरवून बघायचं. जमलं तर बाकीचे.

पितळी स्क्रू दिसायला देखणा, पण मऊ. नुसत्या लाकडात घुसवायला गेलं तर त्याची मान मुरगळते आणि अर्धा आत अडकतो. आधी बारीक भोक पाडावं, त्यात त्याच मापाचा पोलादी स्क्रू मेण लावून फिरवून काढावा, आणि तयार झालेल्या आट्यांमध्ये पितळी स्क्रू हलक्या हाताने बसवावा. सगळ्यात शेवटी काही जण स्क्रूंच्या डोक्यांवरच्या चिरा एका दिशेला आणतात, सगळ्या उभ्या. पकड त्याने काही वाढत नाही. तरी मला त्या तशा आवडतात. फक्त शेवटची चीर उभी होईना म्हणून आणखी पाव फेरा द्यायचा मोह होतो, आणि पितळी स्क्रू नेमका त्या पाव फेऱ्यात तुटतो. ती तिरकी राहिली तर राहू द्यावी.