तुम्ही विचारलंत म्हणून: विहिरीचा पंप आणि परसातलं तळं

तळं बघायला आलेला माणूस आधी मासे बघतो, मग कमळं, आणि शेवटी कोपऱ्यातल्या पाइपाकडे बोट दाखवून विचारतो, "विहिरीवर पंप आहेच, मग तळं कायम भरलेलं ठेवता येतं ना?"

येतं. फक्त पहिल्या उन्हाळ्यात मी ठेवलं तसं ठेवू नका.

तेव्हा मी नळ जेमतेम उघडून नळी तळ्यात सोडून द्यायचो. करंगळीपेक्षा बारीक धार. रात्री पंपाच्या खोलीतून 'खट्' असा आवाज यायचा, मोटर घरघरायची, अर्ध्या मिनिटात पुन्हा 'खट्'. थोड्या वेळाने परत तेच. पंप आणि नळ यांच्यामधली, दाबाखाली पाणी साठवणारी प्रेशर टाकी लहान. तिच्यातला दाब उतरला की स्विच मोटर लावणार, चढला की बंद करणार. सुरू होताना मोटर एरवीच्या पाचसहा पट करंट ओढते आणि दर खेपेला तिच्यातलं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, तापतं. सलग दोन तास चालणं तिला झेपतं, रात्रभर उठबशा काढणं नाही. माझी जळलीच.

नवी बसवायच्या आधी मग सुचलं की पाणी जातंय कुठे ते तरी बघावं. बादलीत तळ्याचंच पाणी भरून ती तळ्यातल्या पायरीवर ठेवली, आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण केली आणि पाऊस नसलेल्या दिवशी, पंप बंद ठेवून, २४ तास थांबलो. बादलीतलं पाणी ६ मिलिमीटर उतरलं, तळ्यातलं २०. बादलीतून गेलं ते उन्हावाऱ्याने. वरचे १४ मिलिमीटर गळती. तळं ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, म्हणजे मिलिमीटरला २० लिटर. रोज २८० लिटर मी मातीला पाजत होतो! तळाला भोक असेल म्हणून हात घालून घालून दमलो. दोष निघाला काठावर: अंथरलेल्या प्लास्टिकची एक कड खचली होती आणि तिच्यावरून तळ्यात उतरलेलं गवत दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढून बाहेर सोडत होतं. गवत कापलं, कड उचलून दगड लावला, झालं.

उरले रोजचे १२० लिटर. त्यासाठी आता दोन दिवसांतून एकदा नळ पूर्ण उघडून पंप लावतो. काही मिनिटांचं काम. टायमर लावलात तरी चालेल, पण विहिरीचे झरे आटत आले की तो काढा. पाणी तुटल्यावर कोरडी चाललेली मोटर फार वेळ वाचत नाही. साध्या फ्लोट व्हॉल्व्हच्या, म्हणजे तरंगत्या गोळ्याने आपोआप उघडणाऱ्या-मिटणाऱ्या नळाच्या, मी वाटेला जात नाही. पातळी जरा उतरली की तोही बारीकच धार सोडतो, म्हणजे पुन्हा ते 'खट्'.

नळीचं तोंड पाण्यात बुडवून ठेवू नका. पंप बंद झाला आणि पाणी मागे येऊ न देणारा आतला व्हॉल्व्ह गळका असला, तर तळ्यातलं शेवाळी पाणी नळीतून उलटं विहिरीत जातं. आपण तेच पितो. माझी नळी हातभर उंच बांधलेली आहे, खाली खडबडीत दगड. पाणी त्यावर आपटून उतरतं हेही बरंच, कारण खोल विहिरीच्या पाण्यात बहुधा प्राणवायू कमी असतो. लोह असेल तर ते हवा लागून दगडावरच गंजासारखं बसतं. ते पाणी गारही असतं, तेव्हा एकदम फार सोडलं तर मासे बावरतात. क्लोरीन नाही, हे मात्र विहिरीचे उपकार.

एक गोष्ट उशिरा कळली. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्याने नुसती भर घालत गेलं तर तळं हळूहळू खारट होत जातं. म्हणून मधूनमधून चारदोन बादल्या काढून झाडांना घालतो.

मोजायची ती बादली अजून पायरीवरच असते. विसरलेली समजून कुणी ना कुणी ती उचलून, रिकामी करून, अगत्याने माझ्या हातात आणून देतं.